काळं कडं

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात, पुरणपोळीच्या रांगेत उभ्या असलेल्या समस्त काकूंना आमच्या आन्याने सांगितलं की तिची आई गॅरेजमध्ये दारू भरते. एरवी ही चार वर्षांची मुलगी साधं पाणीसुद्धा इंग्रजीत मागते. हे वाक्य मात्र तिने स्वच्छ मराठीत म्हटलं, आणि वर "खूप केअरफुली मोजून भरते" अशी जोडही दिली.

"मोजून म्हणजे पेग का गं?" माझ्यामागच्या उत्तराकाकूंनी हळूच विचारलं.

मी खुलासा करायला तोंड उघडणार, तोवर सासूबाई पुढे सरसावल्या. "बंदुकीची दारू हो. नेमबाज आहे आमची सून. विकतची काडतुसं आणत नाही ती, सगळी घरी करते." अनारसे घरी करते, तशा सुरात. उत्तराकाकूंनी माझ्याकडे नव्या नजरेने पाहिलं आणि रांगेत मला पुढे जाऊ दिलं.

मला त्या वेळी दारूपेक्षा सासूबाईंचं जास्त आश्चर्य वाटलं होतं. कारण घरी त्या चार-पाच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या. भांडण नाही, टोमणा नाही. विचारलं तर "काही नाही", वाढलं तर "पुरे". बाहेर कौतुक आणि घरात अबोला, हे गणित काही सुटत नव्हतं. मी आपली मनातल्या मनात यादी करत बसले होते. आमटीत मीठ जास्त पडलं ते? आन्याला टीव्ही लावून दिला म्हणून मी जरा तोडून बोलले ते? की गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही आणि मी मार्शमेलोची माळ घातली ते?

यादी करणं हा माझा स्वभावच आहे. मी घाबरट आहे, हे मी लपवत नाही. घशात अडकू नयेत म्हणून आन्याला द्राक्षं मी अजून उभी चिरून देते. कारच्या सीटचा पट्टा एकदा लावल्यावर पुन्हा ओढून बघते, मग पार्किंगमधून निघताना पुन्हा. नोकरीही तसलीच मिळाली आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे दुसऱ्यांचं काय बिघडेल याचा विचार करण्याचे पैसे मिळतात. नागपूरला मी मेटलर्जी शिकले होते, पण अल्फारेटात धातू वितळवायला कोण बोलावणार.

अशा बाईने रायफल हातात कशी घेतली, हे मला सगळे विचारतात. दोन वर्षांपूर्वी, ग्रीन कार्ड आल्यावर, मंडळातल्या उल्हासकाकांनी आम्हाला त्यांच्या क्लबच्या रेंजवर नेलं होतं. फोर हंड्रेड हायवे घेऊन उत्तरेला डॉसनव्हिलच्या बाजूला गेलं की पाइनच्या झाडांमध्ये ती रेंज आहे. काका मूळचे सातारचे, चाळीस वर्षं जॉर्जियात काढलेली, पिकअप ट्रक चालवतात आणि इथल्यांचं "यॉल" आणि गावाकडचं "अगं पोरी" एकाच वाक्यात बोलतात. नवऱ्याला, म्हणजे प्रथमेशला, हौस होती. तो दोनदा गोळी झाडून खांदा चोळत बसला. माझी पाळी आली तेव्हा मी पोटावर आडवी झाले, गाल टेकवला, श्वास सोडला, आणि माझ्या लक्षात आलं की गेले काही क्षण मी कसलीच काळजी केलेली नाही. आन्या जन्मल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं. त्या रिकाम्या जागेची मला चटक लागली.

काडतुसं घरी बनवायला मी लागले तीसुद्धा स्वभावामुळेच. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. ती साफ करायची, आकाराला आणायची, तिच्या तळाच्या खळगीत प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटीशी टोपी, दाबून बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. प्रत्येक पायरीला तपासायला काहीतरी असतं. माझ्यासाठी हे स्वर्गसुख होतं. दारू आणि प्रायमर कुलूपबंद कपाटात, आन्या डेकेअरला गेल्यावरच काम, काम झालं की हात धुऊन कपडे बदलायचे. शिशाची भीती म्हणून डॉक्टरकडे आन्याची रक्ततपासणीही मी स्वतः मागून करून घेतली होती. डॉक्टर म्हणाली, हिच्या शरीरात माझ्यापेक्षा कमी शिसं असेल.

तर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी रेंजवर गेले. महिनाअखेरीला राज्याची मॅच होती आणि क्लबच्या टीममधली चौथी जागा उल्हासकाका मला देऊ बघत होते. नवी भरलेली काडतुसं घेऊन मी आडवी झाले. पहिली गोळी गेली. बोल्ट, म्हणजे मागची दांडी, वर उचलायला गेले तर ती जरा अडली. पुंगळी बाहेर आली तेव्हा मी ती उलटी करून पाहिली, नेहमीसारखी.

प्रायमरभोवती काळं कडं होतं. डोळ्यात काजळ फिस्कटावं तसं.

दुसरी स्वच्छ निघाली. तिसरी स्वच्छ. चौथीला पुन्हा काळं कडं, आणि दांडी इतकी घट्ट की तळहाताने ठोकावी लागली.

"बास," उल्हासकाका म्हणाले. "थांब तिथंच. गॅस मागं येतोय."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोळी सुटताना आत प्रचंड दाब तयार होतो आणि तो सगळा पुढे जायला हवा. प्रायमरच्या कडेने तो मागे झिरपला तर हे असं काळं कडं उमटतं. मागे म्हणजे कुठे, तर जिथे माझा चेहरा असतो. डोळ्यांवर चष्मा होता, मला काही झालं नाही. पण घरी जाताना फोर हंड्रेडवर माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं, आन्याला आई आहे, आणि ती एकच आहे.

"दारू जास्त पडली असेल," प्रथमेश म्हणाला. त्याने ते उत्तराकाकूंच्या आवाजात म्हटलं, पण मला हसू आलं नाही.

"मी प्रत्येक वेळी तोलते."

"तराजू बिघडला असेल मग."

तराजूची वजनं घालून तपासणी केली. अचूक. प्रायमरचं पाकीट बदलून पाहिलं, गोळी किती आत बसते ते मोजलं, पुंगळ्यांची लांबी मोजली, रायफलची नळी नवीन ब्रशने घासली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ऑफिसात मी नव्या पोरांना शिकवते. काही सापडलं नाही. आणि एक गोष्ट तर मला छळतच होती. दाब खरंच जास्त असेल तर प्रायमर चपटा होतो, त्याच्या कडा पसरतात. माझ्या प्रायमरच्या कडा छान गोल होत्या. म्हणजे एक खूण ओरडत होती की दाब फार आहे, आणि दुसरी सांगत होती की सगळं ठीक आहे.

"दारू कमी करून बघू," उल्हासकाका फोनवर म्हणाले. "पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापाला ये. मी तुझ्या शेजारी उभा राहतो."

तसं केलं. इतक्या कमी दारूवर गोळी अगदी शहाण्यासारखी गेली, आवाजही सौम्य. तरी त्यातल्या दोन पुंगळ्यांना काळं कडं. काकांनी त्या तळहातावर घेतल्या, चष्मा कपाळावर सरकवला, आणि एकेक उलटीपालटी करून पाहिली.

"अगं पोरी," ते शेवटी म्हणाले, "हे मी तरी बघितलं नाही. जोपर्यंत कळत नाही तोपर्यंत झाडू नकोस."

"नाहीच झाडणार," मी म्हटलं. "टीममध्ये दुसरं कोणी घ्या."

"मॅचला वेळ आहे अजून."

"काका, घ्या दुसरं कोणी."

घरी प्रथमेशने सोपा उपाय सांगितला. "यार, फॅक्टरीतली विकत घे ना काडतुसं. मॅच खेळ, विषय संपव."

त्याला समजावून सांगणं कठीण होतं. प्रश्न काडतुसांचा राहिलाच नव्हता. मी इतकी तपासणारी बाई, आणि माझ्या हातून काहीतरी चुकतंय आणि ते मला दिसत नाहीये. मग आन्याच्या तापाच्या औषधाचं माप मी बरोबर घेते कशावरून? पट्टा लागलाय असं मला वाटतं, तो लागलेला असतो कशावरून? माझी सगळी भिस्त माझ्या नजरेवर होती आणि आता नजरेवरचाच विश्वास उडाला होता. कारण सापडलं नाही तर मी रायफल सोडणार होते, हे मी त्याला सांगितलं. त्याने एकदम मस्करी थांबवली, कारण रायफलीने मला काय दिलंय हे त्याला माहीत होतं. रविवारी रेंजवरून आल्यावर मी आन्याला द्राक्षं अख्खी द्यायचे. म्हणजे निदान एखादं.

इकडे सासूबाईंचा अबोला चालूच. सकाळी मी चहा दिला तर म्हणाल्या, "ठेव." मी विचारलं, "आई, काही चुकलं का माझं?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुला काही दिसलं नाही ना, मग काही नाही."

मी यादीत आणखी दोन गोष्टी वाढवल्या.

त्या आठवड्यात एका सकाळी आन्याला डेकेअरला सोडून मी गॅरेजमध्ये गेले, ते आवराआवर करायला. भरलेल्या काडतुसांमधल्या गोळ्या ओढून काढल्या, दारू वेगळी केली. अजून न भरलेल्या बऱ्याच पुंगळ्या बादलीत उरल्या होत्या, त्या क्लबमधल्या कोणालातरी द्याव्यात असा विचार होता. देण्याआधी तपासायला हव्यात, म्हणून एकेक हातात घेत होते. पुंगळीच्या तळाला मधोमध एक बारीक भोक असतं, प्रायमरची ठिणगी त्यातून आत जाते. एका पुंगळीच्या त्या भोकात काहीतरी अडकलं होतं. मी सुईने ओढलं. तपकिरी, चिवट, केसापेक्षा जाड धागा.

मशीनमध्ये पुंगळ्या साफ करताना मक्याच्या कणसाचा भुसा घालतात, त्यातला असेल असं आधी वाटलं. पण भुसा कुरकुरीत असतो, हा चिवट होता. नाकाजवळ नेला. आंबट वास.

चिंचेचा कोळ गाळताना गाळणीत जी शीर उरते, ती होती ती.

मी स्टुलावर बसले. मग टॉर्च आणला आणि पुंगळीच्या आत पाहिलं. बाहेरून लखलखीत असलेल्या पुंगळीच्या पोटात, अगदी तळाशी, निळसर-जांभळी झाक होती. दुसरीत पाहिलं. तिच्यात नव्हती. तिसरीत होती, जास्त गडद. तो रंग मी ओळखते. कॉलेजच्या लॅबमध्ये भट्टीतून पितळेचे तुकडे बाहेर काढले की त्यांच्यावर तो चढलेला असायचा.

मी प्रथमेशला ऑफिसात फोन लावला. "पाडव्याच्या आधी पुंगळ्यांची ही बादली मशीनमधून तूच काढलीस ना?"

"नाही. तूच काढलीस ना?"

"मी नाही काढली."

"मला वाटलं तू काढलीस. चकचकीत होत्या, म्हणून मी विचारलं नाही."

"मलापण वाटलं तू."

मग तो अगदी हळू म्हणाला, "ज्ञानदा, घरात तिसरं कोण आहे?"

सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी समोर बसले. पुंगळी टेबलावर ठेवायचं मनात आलं, पण शिसं आठवलं आणि ती पेपर टॉवेलवर ठेवली.

"आई, या तुम्ही घासल्यात का?"

त्यांनी मान वर केली नाही. "दिसलं का अखेर."

"कधी?"

"पाडव्याच्या आधी. गुढीचा तांब्या घासायला घेतला, समई घेतली, म्हटलं घरातलं सगळं पितळ एकदम होऊन जाऊ दे. तुझी ती बादली काळीकुट्ट पडली होती. सणाला पितळ तसं ठेवतात का?" मेथीची एक काडी जरा जोरात मोडली गेली. "सगळी दुपार गेली माझी. इवल्या इवल्या त्या, बोटं आत जात नाहीत. आणि एकाने तोंडातून शब्द काढला नाही. प्रथमेशचं सोड, त्याला स्वतःच्या शर्टाचा रंग सांगता येत नाही. पण तू? आन्याच्या डब्यातला एक मटार कमी झाला तर तुला कळतो."

म्हणजे अबोला तो. माझ्या यादीतली एकही गोष्ट नव्हती.

"चिंचेने घासल्यात?"

"चिंच आणि मीठ. सोन्यासारख्या निघाल्या."

"आणि वाळवल्या कशा?"

"तोच तर घोटाळा. ऊन पडलं होतं, पण बाहेर ठेवणार कुठे, ते पिवळं पीठ पडत होतं ना सगळीकडे, पाइनच्या फुलोऱ्याचं. ताट ठेवलं तर घटकेत पिठलं होईल त्यात. आणि पितळ ओलं राहिलं की डाग पडतात. मग बॅकयार्डात आपण मासे तळायला ठेवलाय तो गॅस पेटवला, आणि कढईत परतल्या. शेंगदाणे परततो तशा. खमंग."

"खमंग?"

"म्हणजे कोरड्या गं."

"कुठल्या कढईत?" माझा आवाज चढला. इथे खरं तर मी तापमान विचारायला हवं होतं, पण आईपण आधी बोललं.

"त्या मोडक्या कानाच्या. टाकायला काढलेली. गॅसखालीच पडलीये अजून, तिच्यात कोण करतंय काही. आणि हात धुतले मी साबणाने, दोनदा, तुझ्या घरात राहून तेवढं शिकलेय."

मी श्वास सोडला. "बरं. किती वेळ परतल्या?"

"तसं मोजलं नाही. उल्काचा फोन आला होता."

मी डोळे मिटले. उल्कामावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, नाशिकला असते. तिचा फोन म्हणजे आधी तब्येती, मग लग्नं, मग सोसायटीची लिफ्ट. एकदा सासूबाईंनी तिचा फोन सुरू असताना दिवाळीच्या सगळ्या चकल्या तळून संपवल्या होत्या. आणि तो तळायचा गॅस घरातल्या शेगडीसारखा नाही, त्याची ज्योत विमानासारखी आवाज करते.

"अख्खा फोन?"

"लिफ्टपर्यंत. मग बघते तर खालच्या काळपट पडलेल्या. पुन्हा चिंच लावून पुसल्या. फडक्याने कोरड्या केल्या, दुसऱ्यांदा नाही परतल्या." त्यांनी आता माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? तुझा चेहरा असा काय?"

मला सांगावंच लागलं. ज्या बाईने सगळी दुपार घालवून माझं पितळ घासलं तिला हे कसं सांगायचं, याची तयारी मी केली नव्हती. मी म्हटलं, "आई, पितळ कारखान्यात दाबून दाबून कडक करतात. पुंगळीचं तोंड मऊ असलं तर चालतं, पण तळ कडक लागतो, कारण त्याने प्रायमर घट्ट धरून ठेवायचा असतो. पितळ खूप तापवलं की ते मऊ पडतं. दिसायला तसंच दिसतं, पण धरून ठेवायची ताकद जाते. मग गोळी सुटली की तळ सैलावतो, आणि गॅस कडेने मागे येतो."

"मागे म्हणजे तुझ्याकडे?"

"हो."

त्यांनी मेथी बाजूला सारली. "म्हणजे मी बिघडवल्या."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"तुला लागलं नाही ना कुठे? दाखव बघू. इकडे बघ, डोळे दाखव." त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मी आन्याचा वळवते तसा. चांगल्या तपासून झाल्यावर सोडला. "आणि म्हणून तू आठवडाभर अशी भुतासारखी हिंडत होतीस. मला वाटलं माझ्यावर रागावलीस."

"मला वाटलं तुम्ही रागावलात."

"मी रागावलेच होते."

इथे मला जे हसू फुटलं ते आवरेना. काळं कडं गॅस मागे येतोय म्हणून ओरडत होतं ते खरं होतं, आणि दुसरी खूण सांगत होती तेही खरं होतं. दाब ठीकच होता, माप ठीक होतं, तराजू ठीक होता. खालच्या पुंगळ्या भाजल्या, वरच्या वाचल्या, म्हणून काही गळत होत्या आणि काही नाही. सगळं तपासलं आणि पितळ तेवढं तपासलं नाही, कारण ते वर्षभर तेच होतं. बदललं नाही असं मी धरून चालले ती एकच गोष्ट बदलली होती. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि सासूबाई आधी गोंधळल्या, मग त्याही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, खुर्ची हलेपर्यंत.

"खमंग," मी कसंबसं म्हटलं.

"पुरे गं."

"आई, जगात आजवर कोणी काडतुसं परतली नसतील."

"पण चकाकी आली होती की नाही, तेवढं सांग."

"आली होती. इतकी छान आली होती की आम्हा दोघांनाही वाटलं मशीननेच केलंय."

हे त्यांना फार आवडलं. संध्याकाळी त्यांनी ते उल्कामावशीला फोनवर दोनदा सांगितलं.

उल्हासकाकांना मी फोन करून सगळं सांगितलं. मग रिसीव्हरमधून एक घरघर ऐकू आली, आणि मला वाटलं लाइन बिघडली. ते हसत होते. "तुझ्या सासूबाईंना, मालिनीवहिनींना म्हणावं," दम घेऊन ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी इथल्या लोकांना सगळे घोटाळे करताना बघितलं. हा नव्हता बघितला. आणि पोरी, टीममधून नाव मी काढलं नव्हतं तुझं. त्या भाजलेल्या सगळ्या पक्कडीने चेमट आणि भंगारात टाक. कपाटात जुन्या कोऱ्या आहेत का?"

होत्या. कुलूपबंद कपाटात मागच्या वर्षीच्या न वापरलेल्या पुंगळ्यांचा अख्खा डबा होता. त्यातल्या मी मोजक्याच भरल्या, नेहमीच्या मापाने. प्रायमर खळगीत बसताना बोटाला जो प्रतिकार जाणवतो तो मला इतका ओळखीचा वाटला की मी प्रायमर बसवायच्या यंत्राचा दांडा दाबून क्षणभर तशीच थांबले.

रविवारी सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते."

"तिथे फार आवाज असतो, आई."

"उल्काशी बोलते मी रोज. आवाजाचं मला सांगू नकोस."

आन्या प्रथमेशबरोबर घरी राहिली. "बाय मम्मा, बाय आजी, डोंट कुक द बुलेट्स," असं तिने दारातून ओरडून सांगितलं. तिला हे कोणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती, तो तिच्यामागे उभा राहून छताकडे बघत होता.

रेंजवर सासूबाईंनी साडीवर स्वेटर, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि कानांवर केशरी रंगाचे मफ चढवले. उल्हासकाकांनी त्यांच्यासाठी मागे घडीची खुर्ची मांडली होती, पण त्या बसल्या नाहीत. मी चटईवर आडवी झाले. मनात भीती होती, नाही असं नाही. कारण कळणं वेगळं आणि पुन्हा गाल टेकवणं वेगळं. मी पट्टा ओढून बघते तसा एकदा सगळा क्रम मनात ओढून बघितला. पुंगळी कोरी, माप तेच, प्रायमर घट्ट. श्वास सोडला.

गोळी गेली. दांडी लोण्यासारखी उचलली गेली. पुंगळी टुणकन चटईवर पडली आणि माझ्याआधी सासूबाईंनी वाकून उचलायला हात घातला.

"गरम असते, आई."

"तेवढं गरम चालतं मला." त्यांनी पदराच्या टोकात धरून ती उलटी केली, चष्म्यावर वाचायचा चष्मा धरला आणि निरखली. काका बाजूला उभे होते.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "काजळाचा ठिपका नाही."

दुसरी स्वच्छ. तिसरी, चौथी. सासूबाई प्रत्येक पुंगळी बघून मागच्या बाकावर ओळीने उभी करत होत्या आणि काकांना सांगत होत्या की बिनघासलेल्या असल्या तरी तशा बऱ्या दिसतात. पाचवीनंतर काका दुर्बिणीला डोळा लावून म्हणाले, "पाचही भोकं एका बांगडीत बसतील. शनिवारपर्यंत टीम कळवायची आहे मला. काय कळवू?"

"चौथं नाव माझं कळवा," मी म्हटलं.

"झालं मग," सासूबाई म्हणाल्या. "खात्री झाली ना? चला, उन्हं चढताहेत."

मी सहावं काडतूस आत सरकवलं.

"आता कशाला आणखी? स्वच्छ आहेत की सगळ्या."

"तपासायला नाही, आई," मी म्हटलं आणि गाल टेकवला. "मजा येतेय म्हणून."

मागे काका त्यांना खुर्चीवर बसवत होते, आणि त्या त्यांना विचारत होत्या की बायकांना इथे साठीनंतर शिकवतात का.